काळ्या साडीवरचा कोंडा

आमच्या मांजरीच्या पाठीवर कोंडा झाला तेव्हा लातुरातल्या आमच्या गल्लीत उपाय सांगितला नाही असं एकही घर उरलं नाही. प्रत्येकीचा उपाय खात्रीचा होता आणि तो कुणाच्या तरी माहेरी लागू पडलेला होता. मांजरीची पाठ मात्र कुणी हात लावून पाहिली नव्हती. मी शाळेत गणित शिकवते. उदाहरण न वाचता उत्तर सांगणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याला मी उदाहरण पुन्हा वाचायला लावते. गल्लीत तशी सोय नाही. इथे मोठ्यानं सांगितलेलं उत्तर बरोबर धरतात.

मांजर माझी नाही, सासूबाईंची आहे. सासरे गेले त्या वर्षी ती शेजारच्या पत्र्यावरून आमच्या अंगणात उतरली, आधी ओसरीवरच्या बाजेखाली बसली आणि मग बाजेवर. रंग करडा, शेपटीचं टोक पांढरं. सासूबाई तिला ‘माय’ म्हणतात. माझे यजमान नोकरीसाठी नांदेडला असतात आणि शनिवारी घरी येतात, मुलगा पुण्याला, मी दिवसभर शाळेत. म्हणजे दिवसाचा मोठा भाग घरात दोघीच असतात, पंच्याहत्तरी ओलांडलेली माझी सासू आणि ती मांजर. दुपारी दोघी एकाच बाजेवर पडतात. सासूबाई तिच्याशी बोलतात. काय बोलतात ते मला माहीत नाही. मी फाटक उघडलं की त्या गप्प होतात.

थंडी पडली की लातूरची हवा कोरडी होते. ओठ फुटतात, टाचा फुटतात, बोअरच्या पाण्यात धुतलेले कपडे पापडासारखे कडक वाळतात. त्यामुळे दिवाळीनंतर मांजरीच्या पाठीवर पांढरे कण दिसायला लागले तेव्हा मी म्हटलं, थंडी आहे. हवेत ओल आली की जाईल. सासूबाईंनाही तसंच वाटलं. संक्रांतीपर्यंत ते तसंच चाललं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. नणंद नांदेडहून मुद्दाम आली होती. ती माझ्याहून मोठी आहे, मी तिला ताई म्हणते. त्या दिवशी ती नवी काळी साडी नेसली होती, काळी म्हणजे अगदी काळीभोर, काठाला तेवढी जर. गल्लीतल्या बायाही काळ्याच साड्यांत होत्या, पण ताईची साडी वेगळी आहे हे सगळ्यांनी कबूल केलं होतं. ती दिवाणावर बसली. दिवाणावरची चादर मी सकाळीच बदलली होती. मी स्वयंपाकघरात असताना त्या चादरीवर कोण येऊन झोपून गेलं हे सांगायला नको.

ताई वाण द्यायला उठली आणि वळली.

“ताई, मागं चुना लागलाय भिंतीचा,” एकजण म्हणाली.

“चुना न्हाई ओ, तीळ सांडलेत,” दुसरी म्हणाली.

तिसरीनं बोटानं कण उचलला, उजेडात धरला आणि म्हणाली, “कशाचे तीळ. मांजरीचा कोंडा हाय हा.”

बाया हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण नव्या साडीला हसलेलं कुणाला आवडत नाही. ताईनं पाहुण्या जाईपर्यंत तोंडावर हसू ठेवलं. फाटक लागल्यावर ती सासूबाईंसमोर उभी राहिली.

“आई, तुला दरवर्षीसारखं न्यायला रथसप्तमीला येईन. तवर या मांजराची सोय लावा. हे घरात असलं तर मी पाऊल ठेवणार न्हाई, आणि माझ्या घरी तर अजिबात आणायचं न्हाई.”

‘सोय लावणे’ म्हणजे काय ते आमच्या भागात सगळ्यांना कळतं. पोत्यात घालायचं आणि परत वाट सापडणार नाही इतक्या लांब सोडून यायचं.

“कुठं लावू सोय?” सासूबाईंनी विचारलं.

“इकडं न्हाई तर आमच्याकडं विष्णुपुरीला धरणाजवळ सोडू. मासे खाऊन ऱ्हाईल.”

सासूबाई वळल्या. बाजेवर जाऊन बसल्या. मला वाटलं होतं की त्या भांडतील. त्या एरवी भांडतात. पण लेकीनं घरात पाऊल न ठेवणं आणि मांजर जाणं यातलं एक निवडायला सांगितल्यावर त्यांना निवडता येईना. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिसरी वाट धरली. कोंडा घालवायचा. रथसप्तमीच्या आत.

आणि इथून गल्लीचा दवाखाना सुरू झाला. मी शाळेत गेले की बाया यायच्या. एकीनं खोबरेल तेलात कापूर कालवून लावायला सांगितलं. एकीनं आंबट दही. एकीनं रिठ्याचं पाणी. एकीनं लिंबाची फोड चोळायला सांगितली, वर “झोंबलं तर समजायचं की काम करतंय.” एकीनं तिच्या मुलाची कोंड्यावरच्या शांपूची बाटली आणून दिली. सासूबाईंनी कुणालाच नाही म्हटलं नाही. मी संध्याकाळी घरी यावं तर मांजर कधी तेलानं थबथबलेली, कधी ओली होऊन कुडकुडत बाजेखाली. तेल लागलं की ती ते चाटायची, चाटलं की पोट बिघडायचं. तेलाला धूळ चिकटायची, म्हणून आंघोळ. आंघोळीनं कातडी आणखी कोरडी, म्हणून पुन्हा तेल. शांपूनंतर तर पाठ लाल झाली आणि ती हात लावू देईना.

“आई, हे बंद करा,” मी म्हटलं.

“तू सांग मग काय करू,” त्या म्हणाल्या.

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणणारी गल्लीत मी एकटीच होते. त्यामुळे माझ्या शब्दाला वजन नव्हतं.

मी भर बाजारातल्या एका दुकानात गेले. तिथे कुत्र्या-मांजरांच्या वस्तू मिळतात. दुकानदारानं न विचारता एक फवारा काढून दिला. बाटलीवर मांजरीचं चित्र होतं आणि ‘नैसर्गिक’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. “यात काय आहे?” मी विचारलं. “हर्बल आहे मॅडम.” “म्हणजे काय?” “म्हणजे केमिकल न्हाई.” “मग काय आहे?” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुकानात भांडायलाच आले आहे. मी बाटली ठेवून बाहेर पडले. रिक्षात बसेपर्यंत माझे कान तापलेले होते. ज्वारीच्या पोत्यावर वाण लिहिलेला असतो, वजन लिहिलेलं असतं. जी मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेते तिच्या औषधावर काहीही लिहायची गरज कुणाला वाटत नाही.

पण खरा संताप त्या शनिवारी झाला. आमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, गाव निलंग्याकडचं, घरी म्हशी. माणूस सज्जन. सासूबाईंचं तोंड बघून त्यांना वाईट वाटलं आणि ते गावाहून येताना जनावरांच्या गोचिडाचं औषध घेऊन आले. मी घरात शिरले तेव्हा सासूबाई मांजरीला मांडीवर धरून बसल्या होत्या आणि ते बाटलीचं झाकण फिरवत होते.

“वैनी, एकदा लावलं की किडा ऱ्हात न्हाई. आमच्या म्हशीला दोन दिसात उतार पडला.”

मी बाटली त्यांच्या हातातून घेतली. रागानं हिसकावलीच म्हणा. लेबलावर बारीक अक्षरं होती. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचं प्रमाण दिलं होतं. मांजरीचं नाव औषधाच्या यादीत नव्हतं. खाली, इशाऱ्यात होतं.

“भाऊ, हे वाचलं का तुम्ही?”

“आता जनावर ते जनावर, वैनी.”

“म्हशीचं वजन किती आणि हिचं किती?”

ते हसायला लागले. मी हसत नाही हे पाहून थांबले. त्यांच्यावर मला ओरडता आलं नाही, कारण ते चांगल्या मनानं आले होते. हाच माझा वैताग होता. सगळेच चांगल्या मनानं येत होते.

त्या रविवारी मी ठरवलं की आता उत्तरं पुरे, उदाहरण वाचायचं. माझी एक जुनी काळी साडी होती, विटलेली. ती मी गच्चीवर उन्हात अंथरली, मांजरीला तिच्यावर बसवलं आणि बारीक फणी घेतली. ज्या काळ्या रंगानं घरात भांडण लावलं त्याच्यावर कोंडा चांगला दिसतो, एवढाच माझा विचार होता. पाठीचे चार भाग केले. मान विंचरली, साडी झटकून पाहिली, काही नाही. खांदे विंचरले, काही नाही. पाठीचा मध्य, दोन-चार कण. कमरेपासून शेपटीच्या बुडापर्यंत विंचरलं आणि साडीवर तीळच तीळ.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं.

हे मला पटेना. कोरडी हवा मानेला लागत नाही आणि कमरेला लागते असं होत नाही. बोअरचं पाणी तसं करणार नाही. किडा असेल तर तो शेपटीजवळची जागा भाड्यानं घेऊन राहणार नाही. मग काहीतरी असं होतं जे मानेला मिळत होतं आणि कमरेला मिळत नव्हतं. ते काय, हे मात्र माझ्या डोक्यात येईना. सासूबाई पायरीवर बसून सगळं पाहत होत्या. “काय निघालं?” त्यांनी विचारलं. “प्रश्न निघाला,” मी म्हटलं. त्यांना ते उत्तर आवडलं नाही.

यजमानांनी चौकशी करून नांदेडात फक्त कुत्री-मांजरं बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता मिळवला. मी रजा टाकली. सासूबाई म्हणाल्या, मी येणारच. भाजीच्या झाकणाच्या टोपलीत मांजर घेऊन आम्ही नांदेडच्या एसटीत बसलो.

“आजी, टोपलीत काय हाय?” कंडक्टरनं विचारलं.

“मांजर.”

“तिकीट लागंल.”

“का? ती काय सीट अडवून राहिली का? माझ्या मांडीवर हाय.”

“आजी, तुमाला फुकट, या बाईंला अर्धं. मांजरीला कोणती सवलत देऊ मी?”

“म्हाताऱ्या माणसाची दे. तिचंबी वय झालंय.”

“आधार कार्ड दाखवा म्हणावं तिला,” मागून कुणीतरी म्हणालं. बसमध्ये हशा झाला. कंडक्टर टोपलीत डोकावून म्हणाला, “गाडीत उंदीर निघाला तर धरायचा हां,” आणि पुढे सरकला. त्या महिन्यात मांजरीबद्दल बोलून उपाय न सांगणारा तो पहिला माणूस.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी मांजरीला काट्यावर ठेवलं आणि आकडा बघून भुवया वर केल्या. मग फणी फिरवली, पाठीला पारदर्शक पट्टी चिकटवून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, दात पाहिले, रक्त घेतलं. किडा नव्हता. साखर ठीक होती. मी त्यांना काळ्या साडीचं सांगितलं, चार भाग सांगितले. त्यांनी एक लहानसं पाकीट फोडलं, त्यातला माशाचा लगदा बोटावर घेऊन मांजरीच्या खांद्याला लावला. मांजरीनं मान वळवून तो चाटून टाकला. मग त्यांनी तेवढाच लगदा कमरेच्या वर, शेपटीजवळ लावला.

मांजर वळली. अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली. जीभ बाहेर आली, दोनदा हलली. हवाच चाटली. पुन्हा एकदा प्रयत्न केला, मग मागचे पाय घसरले आणि ती बसून राहिली, जणू तिला त्या लगद्याशी काही देणंघेणंच नव्हतं.

“वय किती हिचं, आजी?”

“आमचे मालक गेले त्या साली आली. तवाच मोठी होती.”

“कंबर आखडलीय तिची, आणि वजन जास्त आहे. मांजर स्वतःचं अंग चाटून साफ ठेवते. जिथं जीभ पोचत नाही तिथं कोंडा साचतो.”

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. तेल नाही, आंघोळ नाही, कापूर-लिंबू तर मुळीच नाही. रोज हलक्या हातानं विंचरायचं, ओलसर फडक्यानं ती जागा पुसायची. दूध-पोळी, शेव, खिचडी बंद; मांजरीचं खाणं द्यायचं, त्यात मांस-मासळी असते आणि कातडीला लागणारी चरबीही. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवायचं. वजन उतरवायचं, पण उपाशी ठेवून नाही, हळूहळू. एकदम उपाशी ठेवलं तर मांजरीचं लिव्हर बिघडतं. कंबरेच्या दुखण्यासाठी वेगळं औषध दिलं. मी म्हशीच्या औषधाचं सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवलं. “लावलं असतं तर बहुतेक ती आज इथं आली नसती,” त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी यातलं किती ऐकलं मला माहीत नाही. आयुष्यात अंड्याला हात न लावलेली बाई मासळीच्या शब्दावर काही बोलली नाही. बाहेर पायरीवर त्या थांबल्या.

“मला वाटलं आळशी झाली,” त्या म्हणाल्या. “हात पुरत न्हाई तिचा.”

ताईचं घर जवळच होतं. जेवायला थांबणं भाग होतं. ताईनं दार उघडलं, टोपली पाहिली आणि म्हणाली, “आई, हे बाहेर ठेव. मी सांगितलं होतं न्हवं?”

मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगायला सुरुवात केली. किडा नाही, लागणारं काही नाही. ताई ऐकत होती, पण तिची नजर टोपलीवर होती. “वैनी, कारण काय का असंना. पाठीवर पांढरं ते पांढरं. घरभर गळतंय. म्हातारं झालंय तर तिकडं धरणाकडं सोडून—”

“हिकडं ये,” सासूबाई म्हणाल्या.

त्या ताईला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मी मागोमाग गेले. सासूबाईंनी पदर काढला, पोलक्याच्या गुंड्या सोडल्या आणि आमच्याकडे पाठ केली.

पाठ खांद्यांच्या मधून खाली पांढरी पडली होती. पापुद्रे सुटले होते. मध्ये उभे लाल ओरखडे होते, दाराच्या चौकटीला पाठ घासल्यावर येतात तसे. पावसाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला होता, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. डोक्यावरून पाणी घेता येत नाही म्हणून मी त्यांना लहान तांब्या आणून दिला होता. पाठीचं कुणी विचारलं नव्हतं.

“माझाबी हात पुरत न्हाई,” सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. “खांदा धरल्यापासून पाठीला तेल न्हाई. मलाबी घाल पोत्यात. धरणावर दोघी मासे खाऊन राहू.”

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. गेले पंधरा-वीस दिवस एका पाठीवर सगळी गल्ली बोलत होती, मी फणी घेऊन गच्चीवर बसले होते, आणि दुसरी पाठ त्याच पायरीवर बसून ते सगळं बघत होती. मला संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

“सांगायचं तरी, आई,” ताई म्हणाली.

“तिनं तरी कुठं सांगितलं?”

ताई स्वयंपाकघरात गेली. वाटीत तेल कोमट करून आणलं आणि आईच्या मागे बसली. खांद्यांपासून चोळायला लागली. मग सासूबाई म्हणाल्या, “जरा खाली. तिथं. हाव.” टोपली बाहेर दारातच होती. झाकण आतून वर उचललं जात होतं. ताईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मी जाऊन झाकण उघडलं.

त्यानंतर आमच्या घरात रोज सकाळी मी शाळेत जायच्या आधी मांजरीला विंचरते आणि सासूबाईंच्या पाठीला तेल लावते. मांजरीचं खाणं ओसरीवर वेगळ्या वाटीत असतं. सासूबाई ती वाटी चिमट्यानं सरकवतात, पण सरकवतात. दोघींच्या पाठीची लाली आठवड्यात गेली. कोंडा उतरू लागला.

रथसप्तमीला अंगणात दूध उतू घातलं आणि बाया जमल्या. तेव्हा जे ऐकलं त्यानं माझं डोकं पुन्हा तापलं. “बघा, खोबरेलच लागू पडलं की न्हाई?” कापूरवाली म्हणाली. “छे, माझ्या रिठ्यानं उतरला तो,” दुसरी म्हणाली. शांपूवालीनं रिकामी बाटली परत मागितली. वरच्या भाडेकरूंनी जिन्यातून विचारलं, “वैनी, शेवटी लावलंच न्हवं आमचं औषध?” मी एकेकीला जीभ, कंबर, वजन, सगळं समजावून सांगितलं. त्या मान हलवत होत्या. एकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण दही लावलं असतं तर लवकर गेला असता.”

तेवढ्यात ताई आली. सासूबाईंना न्यायला गाडी करून आली होती. ती मोतिया रंगाची साडी नेसली होती, पांढऱ्याच्या जवळची. तिला तो रंग शोभत नाही आणि तिला ते माहीत आहे. ती आत आली, पाऊल ठेवणार नाही असं म्हटलेलं कुणी काढलं नाही, आणि सरळ बाजेवर बसली, जिथे मांजर पडली होती तिथे, तिच्या अगदी शेजारी.

“गेला का मग कोंडा?” एकीनं तिला विचारलं.

“न्हाई, हाय थोडा,” ताई म्हणाली. उठली, बायांकडे पाठ केली आणि पदर सावरला. “दिसतोय का?”

मोतिया साडीवर काही दिसत नव्हतं.

सासूबाई पिशवी घेऊन गाडीत बसल्या. ताईनं टोपली उचलली, स्वतःच्या मांडीवर घेतली आणि खिडकीतून हात बाहेर काढला.

“वैनी, ती बारीक फणी दे. आणि या बायांनी दिलेलं दुसरं काही पिशवीत टाकलं असशील तर काढून घे.”